इंडिकाला रात्र अंधारीच हवी

नमस्कार, श्रोतेहो. आज अशा एका झाडाबद्दल बोलायचं आहे, ज्याचं नाव निघालं की आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो. गांजा. आवाज खाली आणायचं काही कारण नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे झाड घरी लावायला कायद्यानं परवानगी आहे, आणि इथे व्हँकुव्हरच्या आसपास टोमॅटोच्या शेजारी ते लावणारी आपली माणसंही आहेत.

कायदा आधी सांगून टाकते. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे आपल्या या प्रांतात, वय किमान १९ हवं. दर घरी चार झाडं. माणशी चार नव्हे, घराला चार. रस्त्यावरून किंवा कुठल्याही सार्वजनिक जागेवरून ती दिसता कामा नयेत. भाड्याच्या घरात मालक मनाई करू शकतो, स्ट्रॅटाचे, म्हणजे इमारतीतल्या घरमालकांच्या संस्थेचेही नियम असतात, ते विचारून घ्या. भारतात १९८५ च्या कायद्यानं ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा गावी जाताना किंवा येताना बॅगेत बी नको, पान नको, काहीच नको. आणि घरात लहान मुलं असतील तर काढलेला माल कुलपात.

आता झाड. इंडिका म्हणून जी रुंद पानांची, बुटकी जात विकली जाते, तिचं मूळ अफगाणिस्तान आणि हिंदुकुशच्या डोंगरांत. तिथला शरद ऋतू कोरडा असतो आणि थंडी लवकर येते. म्हणून ती फुलोरा धरल्यावर सात ते नऊ आठवड्यांत पिकते. उष्ण प्रदेशातल्या लांब पानांच्या जाती नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतात, आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पाऊस, पाऊस आणि धुकं. म्हणून या किनाऱ्यावर इंडिका. पण तिचा फुलोरा गच्च, दाट. कोरड्या डोंगरात ते चालतं, दमट किनाऱ्यावर त्याच दाटपणात पाणी अडकतं आणि आतून राखाडी बुरशी धरते. पुन्हा सांगते: लवकर पिकते, म्हणून ती हवी. दाट भरते, म्हणून तिला जपायचं.

आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी मी आज इथे बसले आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाकडे राहायला आई आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. मावशी पुरंदरकडच्या, माहेरी शेवंतीची शेती. इथे आल्यावर सकाळचा चहा वरच्या मजल्याच्या खिडकीत, आणि खिडकीतून दिसायची शेजाऱ्यांची परसबाग. शेजारी फेरीबोटीवर आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच कुंपणाच्या आत त्यांनी मोठ्या कुंड्यांत इंडिकाची दोन झाडं लावलेली. एकाच दिवशी आणलेली, एकाच मातीतली. एक अवजारांच्या खोलीमागे, दुसरं गॅरेजच्या भिंतीला लागून.

ऑगस्ट संपत आला. खोलीमागच्या झाडाला पांढरे केसर फुटून फुलोरा धरला होता. गॅरेजजवळचं झाड मात्र नुसतं वाढत होतं. हिरवंगार, तरतरीत, आणि कळीचा पत्ता नाही. त्या गृहस्थांनी खत बदललं, बाटल्या आणल्या, पाणी कमी केलं, जास्त केलं. (या बाटल्यांबद्दल माझं मत सांगते: चांगलं कंपोस्ट घातलेल्या मातीत निम्म्या बाटल्यांची गरज नसते, आणि दुकानं हे कधी सांगत नाहीत.)

एका संध्याकाळी कुंपणापाशी ते मावशींच्या मुलाला हे सांगत होते. मावशी शेजारीच उभ्या. त्यांनी मुलाला विचारलं, "त्या भिंतीवरचा दिवा रात्रभर जळतो का रे?" जळत होता. चोरांच्या भीतीनं लावलेला, उजेड थेट झाडावर. मावशी म्हणाल्या, "मग कळी कशी येणार? आमच्याकडे शेवंतीला मुद्दाम रात्री बल्ब लावतात, कळी लांबवायला. झाड हवं तेवढं उंच झालं की बल्ब बंद. मग कळी येते. ह्यांना सांग, दिवा मालवा."

मुलगा जरा बिचकला. आईनं शेजाऱ्याला गांजाचा सल्ला द्यावा, हे त्याच्या मनाला पेलेना. मावशींना त्याचं काही नव्हतं. फुलाचं झाड आहे आणि फुलत नाहीये, एवढंच त्या बघत होत्या. शेवटी त्यानं सांगितलं. गृहस्थांनी त्याच रात्री दिवा बंद केला. दोनेक आठवड्यांत गॅरेजजवळच्या झाडाला पांढरे केसर दिसू लागले. ते कुंपणापाशी आले, डोक्यावरची टोपी काढली आणि मावशींना हाक मारून खिडकीत बोलावलं.

पण उशीर व्हायचा तो झालाच होता. खोलीमागचं झाड सप्टेंबरअखेर कोरड्या हवेत कापलं गेलं. दिव्याखालच्या झाडाला पिकायला ऑक्टोबरचा शेवट उजाडणार होता. मावशींनी पुन्हा निरोप धाडला: कुंडी छपराखाली घ्या, आणि मधली पानं विरळ करा, वारा खेळू दे. त्यांनी तसं केलं. शेंड्याचा सर्वांत जाड तुरा तरी बुरशीनं गेलाच, बाकीचं झाड हाती लागलं.

हे झाड शेवंतीसारखं रात्र मोजतं. रात्र लांबू लागली की फुलतं, आणि मध्ये उजेड पडला की मोजणी बिघडते. तंबाखू आणि सोयाबीनवर काम करणाऱ्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी, गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी, दिवसाच्या लांबीचा हा परिणाम १९२० मध्ये मांडला. आपली कोथिंबीर याच्या अगदी उलट, जूनच्या लांब दिवसांत तुरे काढून मोकळी होते. म्हणून माझं सांगणं, जूनमध्ये कोथिंबीर पेरून हिरमुसू नका. ऑगस्टअखेर पेरा.

आणि दिव्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. ज्या वस्तीत चारही भिंतींवर रात्रभर प्रखर दिवे जळतात, तिथल्या मुलांना सप्तर्षी दाखवायला कुठे न्यायचं? हालचाल झाली की लागणारा दिवा पुरतो. माणसांना. झाडाला मात्र अंधारच.

थोडं कामाचं. जागा अशी निवडा की सकाळचं ऊन मिळेल, म्हणजे दव लवकर वाळतं. ऑगस्टपासून रात्री पूर्ण अंधार. पुन्हा सांगते, पूर्ण अंधार. नर झाड दिसलं तर लगेच उपटा, नाहीतर सगळ्या फुलोऱ्यात बी भरेल. पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, नाशिककडच्या द्राक्षवाल्यांच्या ओळखीची. ती पानं काढून टाका. पाऊस आला तर वर प्लास्टिकचं छप्पर चालेल, पण बाजू उघड्या ठेवा. पाऊस थांबल्यावर फांद्या हलक्या हातानं झटका. एखादं पान तुऱ्यातून अचानक पिवळं पडून सहज हाती आलं, तर तो तुरा उघडून बघा. आत राखाडी लव दिसली तर निरोगी भागापर्यंत कापून फेका. तो भाग वाळवून वापरायचा नाही, ती बुरशी फुप्फुसात जाते.

केसर बहुतेक तपकिरी होऊन आत वळले की कापणी. पण चार दिवस संततधार सांगितली असेल, तर थोडं कच्चं असलं तरी कापा. मग अंधाऱ्या, गार खोलीत फांद्या एकमेकींना न चिकटता उलट्या टांगा, पंख्याचा वारा थेट नको. काडी वाकवल्यावर कट्‌ असा आवाज आला की वाळलं. मग काचेच्या बरणीत, आणि सुरुवातीला रोज झाकण थोडा वेळ उघडायचं.

पुढच्या वेळी मेथी, तीही कुंडीतली. नमस्कार.