तीन वर्षांत साठ क्रेडिट

(दृश्य : क्वीन्स बुलेव्हार्डच्या वरून धडधडत जाणारी ७ नंबरची गाडी. स्टेशनचा जिना उतरणारी सकाळची गर्दी.)

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, थॉमसन अव्हेन्यूवर, एक लांबलचक जुनी इमारत उभी आहे. एके काळी इथे सनशाइनची बिस्किटं भाजली जायची. खिडक्या इतक्या, की तिचं नावच पडलं होतं ‘हजार खिडक्यांची बेकरी’. आज त्याच इमारतीत तास भरतात. लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज, स्थापना १९७१. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे सगळे जिला ‘क्यूनी’ म्हणतात, त्या सरकारी विद्यापीठाचं हे एक कॉलेज.

अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात जीआरई, एमएस, व्हिसाची तारीख आणि विमानतळावर सगळ्या नातेवाइकांसोबत काढलेला फोटो. ती अमेरिका वेगळी. इथे येतात ती याच शहरातली मुलं. कुणी रात्री हॉटेलात भांडी घासून सकाळच्या तासाला बसतं, कुणी लेकराला पाळणाघरात सोडून येतं. शाळा पूर्ण केली असली की प्रवेश मिळतो. कटऑफ नाही, यादी नाही. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, चार वर्षांच्या कॉलेजपेक्षा बरीच कमी फी, आणि पुढे हवं तर मोठ्या कॉलेजात थेट वरच्या वर्षाला जाता येतं. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं आणि मग देशभर पसरत गेलं.

आत यायला अडचण नाही. अडचण आहे ती पदवी घेऊन बाहेर पडण्याची. दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, तीन वर्षांची मुदत धरूनही, पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण गेली कित्येक वर्षं २० ते ३० टक्क्यांच्या आसपास घुटमळतंय.

(दृश्य : कॉलेजच्या ऑफिसातला संगणक. पडद्यावर विद्यार्थ्यांचे रकाने.)

हा टक्का काढतात कसा, ते आधी पाहू. कारण अर्धी भानगड तिथेच आहे.

१९९० च्या एका केंद्रीय कायद्याने कॉलेजांना पदवीचा दर जाहीर करणं भाग पाडलं. नियम असा : अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळ द्यायचा. दोन वर्षांची पदवी असेल तर तीन वर्षं. आणि मोजायचे कोण? तर पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, आणि पूर्णवेळ शिकणारे. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोनच विषय घेणारी बाई या हिशेबात नाही. दहा वर्षांपूर्वी कुठेतरी एक वर्ष शिकून आता परत आलेला ड्रायव्हरही नाही. जो मुलगा वर्षभरानंतर चांगले मार्क घेऊन थेट चार वर्षांच्या कॉलेजात गेला, त्याचा हिशेब वेगळ्या रकान्यात. पदवी घेतलेल्यांत तो नाही.

काही जणांना यादीतून वगळायची मुभा आहे. मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यात भरती, परदेशातली सरकारी मदत-सेवा, चर्चची धर्मप्रचाराची मोहीम. एवढीच कारणं. आई आजारी पडली, घरमालकाने भाडं वाढवलं, दुकानाने शिफ्ट बदलली, ही त्यात नाहीत. तसं झालं तर विद्यार्थी ‘गळला’ असंच धरतात.

टिकण्याचा दर त्याहून सोपा. एका सप्टेंबरला आलेला पुढच्या सप्टेंबरला परत दिसला का, एवढंच पाहायचं. 

आता आकडेमोड. असोसिएट डिग्रीला लागतात साधारण ६० क्रेडिट, म्हणजे विषय पास झाला की खात्यात जमा होणारी एककं. चार सत्रांत ६०, म्हणजे दर सत्राला १५. पण शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘पूर्णवेळ’ म्हणजे १२. सगळे फॉर्म १२ वर भरले जातात, मुलं १२ घेतात आणि आपण वेळेवर चाललोय असं समजतात. चार सत्रं संपतात तेव्हा हातात ४८ असतात. एकही विषय न बुडवता! त्यात सुरुवातीच्या चाचणीत गणित किंवा इंग्रजी कच्चं निघालं, तर आधी पूर्वतयारीचे वर्ग. त्यांना वेळ लागतो, फी लागते, शिष्यवृत्तीची मुदतही त्यात खर्ची पडते, आणि पदवीसाठी क्रेडिट मिळतात शून्य. वर्षभर नेमाने कॉलेजात जाऊन पदवीच्या दिशेने जेमतेम दोन पावलं पडली, अशी कितीतरी मुलं होती. क्यूनीने ही जुनी पद्धत आता मोडीत काढली आहे, पण ती कित्येक वर्षं चालली.

(दृश्य : काउंटरवरून सरकवलेलं पिवळं मेट्रोकार्ड. ते घेणारा हात.)

२००७ साली क्यूनीने शहराच्या पैशातून एक योजना सुरू केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एएसएपी म्हणतात. अट एकच कडक : पूर्णवेळ शिकायचं. कच्चे विषय लांबणीवर न टाकता सुरुवातीलाच उरकायचे. त्या बदल्यात शिष्यवृत्ती आणि फी यांत जो फरक उरतो, तो कॉलेज भरणार. पाठ्यपुस्तकं फुकट. तास सकाळी किंवा दुपारी सलग, म्हणजे उरलेल्या दिवसात नोकरी करता येईल. शिकवणी आहे, नोकरीसाठी मार्गदर्शन आहे.

आणि दर महिन्याला मेट्रोकार्ड मिळायचं. सबवे आणि बसचा महिन्याचा पास.

गावाकडून रोज तालुक्याला शिकायला येणाऱ्यांना पासचं मोल वेगळं सांगायला नको. एसटीचा पास संपला की दोन दिवस कॉलेज बुडतं, हे आपण पाहिलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली हा पास ११२ डॉलरचा होता. तासाला सात-आठ डॉलरवर राबणाऱ्या मुलासाठी ती दोन दिवसांची मजुरी होते.

पण माझ्या मते त्या पासाची खरी करामत वेगळी आहे. तो घरपोच येत नव्हता. ठरलेल्या गोष्टी पाळल्या तरच मिळायचा, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे सल्लागाराला भेटणं. पास घ्यायला आलेला मुलगा खुर्चीत टेकणार. टेकला की विचारपूस होणार. गणिताची परीक्षा कशी गेली? या आठवड्यात दोन तास का बुडाले? पुढच्या सत्राचे विषय निवडलेस का? ज्याला कुणी कधी बोलावलंच नसतं, तो महिन्याच्या महिन्याला आपणहून दारात उभा.

कॉलेजच्या नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागाराकडे ६०० ते १,५०० विद्यार्थी असायचे. या योजनेत ६० ते ८०. तिथे बसणाऱ्याला नावं पाठ असणं शक्य होतं.

मग प्रश्न आला की हे खरंच चालतं का, की मेहनती मुलंच अशा योजनेत शिरतात आणि श्रेय योजनेला जातं? रास्त शंका आहे. म्हणून एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकल्या. लाग्वार्डिया, ब्रुकलिनच्या समुद्रकाठचं किंग्सबरो आणि बरो ऑफ मॅनहॅटन, या तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी. सगळे कमी उत्पन्नाच्या घरांतले, सगळ्यांचा एखाद-दुसरा विषय कच्चा, सगळे पूर्णवेळ शिकायला तयार. ज्यांची चिठ्ठी निघाली ते योजनेत, बाकीचे नेहमीच्या व्यवस्थेत.

(दृश्य : पडद्यावर दोन आकडे. ४०. २२.)

तीन वर्षांनी योजनेतल्या ४० टक्के मुलांच्या हातात पदवी होती. बाकीच्यांत २२ टक्के. पहिल्या वर्षात योजनेतला विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ३८ वेळा भेटला होता. दुसऱ्या गटातला ६ वेळा. मुलं त्याच वकुबाची, कॉलेजंही तीच. त्या ३८ भेटी मला ४० टक्क्यांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

खर्चाचं काय? तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त लागले, म्हणजे नेहमीपेक्षा साठेक टक्के अधिक. अर्थखात्याच्या माणसाने हे ऐकून कपाळाला हात लावला असता. पण भागाकार पदवीधरांच्या संख्येने करा. एका पदवीमागे पडणारा खर्च उलट कमी निघाला, कारण अर्ध्यात सुटलेल्या विद्यार्थ्यावर खर्च झालेला पैसाही कुठेतरी धरावाच लागतो. नंतर क्यूनीने ही योजना २५,००० विद्यार्थ्यांपर्यंत नेली.

न्यूयॉर्कमध्ये जमलं, पण तिथे सबवे आहे, मोठं शहर आहे, असं म्हणायला जागा होती. म्हणून ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच घाट घातला : सिनसिनाटी स्टेट, क्लीव्हलंडचं कायाहोगा आणि लोरेन काउंटी. तिकडे गाडीशिवाय चालत नाही. मग मेट्रोकार्डाऐवजी महिन्याला ५० डॉलरचं कार्ड दिलं, पेट्रोल भरा नाहीतर किराणा आणा. तीन वर्षांनी ३५ टक्के विरुद्ध १९.

हुरळून जायचं कारण नाही. ४० टक्के म्हणजे ६० टक्के अजूनही पदवीविना. सहा वर्षांनी न्यूयॉर्कचे तेच दोन गट पुन्हा पाहिले तेव्हा आकडे होते ५१ आणि ४१. अंतर कमी झालं होतं, कारण दुसऱ्या गटातली काही मुलंही रखडत का होईना पोचली होती. आपल्याकडे पाच वर्षांत बीए झालेल्याकडे जशा नजरेने बघतात, तशा नजरेने त्यांच्याकडे बघू नये. त्यांना पास नव्हता.

(दृश्य : संध्याकाळचे सहा. थॉमसन अव्हेन्यूवर कामाच्या गणवेशातच कॉलेजात शिरणारे विद्यार्थी.)

आणि ही योजना ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही, ते हे. संध्याकाळी येणारे, सत्राला एक-दोन विषय घेणारे. पूर्णवेळच्या अटीपाशीच त्यांचा अर्ज थांबतो. २०१७ पासून केंद्र सरकार अशा अर्धवेळ आणि पुन्हा परतलेल्या विद्यार्थ्यांचेही निकाल वेगळे प्रसिद्ध करतं, आठ वर्षांपर्यंतचे. म्हणजे निदान मोजणी तरी सुरू झाली. पण महिन्याच्या पासासारखं काही त्यांना द्यायचं, तर ‘पूर्णवेळ’ ही अट सोडावी लागेल, आणि योजनेचा अर्धा जोर त्या अटीतच आहे. सत्राला एक-दोन विषय घेऊन तीन वर्षांत ६० क्रेडिट होत नाहीत. आणि पूर्णवेळ बसलं, तर यांच्यातल्या कितीजणांचं घरभाडं निघणार नाही.