मोसम अडला, घोडा अडू नये

श्रोतेहो, नमस्कार.

२५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात चैत्र-वैशाख म्हणजे जत्रांचे आणि घोडागाडी शर्यतींचे दिवस. पुढल्या वर्षीही एप्रिलअखेर कर्नाटकात सगळं बंद झालं. त्याआधीच महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोना तपासणीचा दाखला मागत होते, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडचं जाणंयेणं अवघड झालेलं. हिवाळाभर मेहनत घेऊन तयार केलेली घोडी पागेत उभी राहिली.

घोडा का अडला? न फिरवल्यामुळे, हे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत ते अर्धंच. उरलेलं अर्धं तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत असतं.

रोज पळणाऱ्या साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला चारेक किलो चंदी घालतात: भिजवलेला हरभरा, भरडलेलं जव, थोडा गव्हाचा कोंडा. शर्यती थांबल्या तरी मालक मायेपोटी तेवढीच चंदी चालू ठेवतो, आणि तिथंच घात होतो. काम नाही, चंदी पूर्ण, असे दोन-चार दिवस गेल्यावर घोडा बाहेर काढून पळवला, की थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटतो, पुठ्ठे दगडासारखे घट्ट होतात, पाय उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तो आडमुठेपणा करत नसतो. त्याचे स्नायू फुटत असतात आणि त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडावर येतं. अशा घोड्याला ओढत घरी आणू नका. आहे तिथंच उभा करा, अंगावर झूल टाका, पाणी पुढे ठेवा आणि डॉक्टरांना तिथंच बोलवा. जनावरांच्या डॉक्टरांना टाळेबंदीतही सूट होती.

दुसरा धोका खुरांना. जास्तीचं धान्य मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि त्यातून खुराच्या आतल्या पडद्याला सूज येते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलतो, खूर हाताला गरम लागतात. इथंही उशीर परवडत नाही.

म्हणून पळणं थांबलं त्याच दिवशी चंदी निम्मी करा, आठवड्यात अर्ध्या-एक किलोवर आणा. कमी करायला थांबू नका. पुन्हा वाढवताना मात्र आठ-दहा दिवस घ्या. पोट चाऱ्यानं भरायचं. सहा-सात किलो वाळलं गवत आणि कडबा, तोही दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा. कडब्याची जाड धाटं आणि कमी पाणी एकत्र आलं की पोटशूळ ठरलेला. पंचवीस-तीस लिटर पाणी आणि दोन चमचे मीठ रोज हवं. आपल्याकडे उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, सहज मिळतं, पण नुसत्या वाड्यावर घोडा ठेवू नका. त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवून धरतं आणि हाडं कच्ची पडतात. लीद दिवसाला आठ-दहा वेळा पडते; ती कमी झाली तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

रस्ता बंद असला तरी खळ्यात, परड्यात सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हातात धरून फिरवा. नाल सहा आठवड्यांवर राहू देऊ नका. खूर वाढला की नाल पुढे सरकते, टाच चेपते आणि पायाच्या मागच्या नसेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवर, ताण येतो. नालबंदाला सीमेपलीकडून यायचं असेल आणि येणं लांबणार असं दिसलं, तर वेळेवरच नाल काढून खूर तासून घ्या. पावसाळ्यात बसायची जागा कोरडी हवी. ओल्या लिदीत उभ्या घोड्याच्या तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा पडून घाण वास येतो.

मोसम पुन्हा सुरू झाल्यावरची घाई सगळ्यात महाग पडते. घोड्याचा दम लवकर परततो. नसा आणि हाडं मागे राहतात. घोडा ताजातवाना दिसतो, म्हणून पळवतात आणि नस सुजते. दोन-तीन महिने उभ्या घोड्याला पहिले तीन आठवडे फक्त चालवा, वीस मिनिटांपासून तासापर्यंत. मग तीन-चार आठवडे दुडकी, सुरुवातीला गाडी न जोडता. त्यानंतर हळूहळू दौड. दहा-बारा आठवड्यांखाली मैदानात उतरवू नका. तीन आठवड्यांवरच्या शर्यतीचं निमंत्रण आलं, तर ती शर्यत सोडून द्या.

रोज संध्याकाळी गुडघ्याखालच्या नसांवरून हात फिरवा. दोन्ही पाय सारखेच थंड लागले पाहिजेत. काम संपल्यावर दहा मिनिटांनी जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. चौसष्टच्या वर आली, तर उद्याचं काम कमी करा.