१११ खुर्च्या

नमस्कार मंडळी. आत्ता माझी ओळख करून देताना अध्यक्ष मला 'आरोग्यविषयक लेखक' म्हणाले. खरं सांगायचं तर मी अनुवादक. डॉक्टर लोक जर्नलमध्ये जे छापतात ते घरातल्या मराठीत आणणं हे माझं काम. या कामात माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती एका टक्क्याच्या चिन्हापायी. आज तीच सांगणार आहे.

२०२३च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये झारखंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी. अभ्यासाचं नाव 'रेशन्स', आणि त्यात लोकांना दिलंही रेशनच. प्रश्न साधा होता. घरात एकाला फुप्फुसाचा टीबी झाला, तर बाकीच्यांना पोटभर खायला दिल्याने त्यांचा टीबी टळतो का?

समोर काही चेहरे हसताहेत. यात शोधायचं काय, आमच्या आजीनेही सांगितलं असतं! बरोबर आहे. 'क्षय' या शब्दातच झिजणं आहे. गोळ्या यायच्या आधी मिरजेला, पाचगणीला सॅनेटोरियममध्ये पेशंट ठेवत, तेव्हा हवापालट, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच उपचार होता. मग गोळ्या आल्या. १९५६ साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. निम्मे पेशंट सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या झोपडीत. घरी राहिलेल्या पेशंटचं खाणं कितीतरी निकृष्ट, तरी गोळ्यांनी दोघेही जवळपास सारखेच बरे झाले. फार मोठं काम होतं ते. त्याने गरिबाला घरी राहून उपचार घेता येऊ लागले. पण त्याबरोबर एक समजही रुजला की टीबीत गोळी महत्त्वाची, ताट नाही. मद्रासने विचारलं होतं, झालेला आजार बरा होतो का. मुळात आजार होऊ नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न तिथे नव्हताच.

टीबीचे जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात झोपलेले असतात. बहुतेकांना ते आयुष्यभर त्रास देत नाहीत. अंगातली ताकद गेली की ते उठतात, आणि ताकद जायचं आपल्या देशातलं एक फार मोठं कारण म्हणजे अपुरं खाणं. झारखंडच्या अभ्यासात २८०० पेशंट होते. त्यांतले दर पाचांतले चार कमी वजनाचे. त्यांच्या घरची माणसं १०,३४५. पेशंटला सगळीकडेच महिन्याला १० किलोचा शिधा मिळाला. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. कोणत्या भागातल्या घरच्यांना शिधा द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. मिळालेल्यांना सहा महिने, माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या.

निष्कर्ष असा, की शिधा मिळालेल्या घरांत टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. मी बातमी केली. मथळा दिला, 'सकस आहाराने ३९ टक्के लोकांचा टीबी टळला'. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला. म्हणाले, "आमच्या घरात दहा माणसं आहेत आणि भावाला टीबी आहे. म्हणजे बाकीच्यांतले चारेक जण वाचणार, आणि उरलेल्यांना होणारच का?" माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी बातमी नीट वाचली होती. चूक माझ्या वाक्यात होती.

आता आकडे बघा. शिधा न मिळालेल्या गटात शंभरात २.६ जणांना टीबी झाला, मिळालेल्या गटात १.७ जणांना. हजारात सांगतो, म्हणजे अर्धा माणूस मोजावा लागणार नाही. हजारात २६ आणि हजारात १७. जवळजवळ सगळ्यांना टीबी झालाच नाही, शिधा मिळो न मिळो. ज्या थोड्यांना टीबी झाला असता, त्यांच्यातले ३९ टक्के टळले, सगळ्या लोकांतले नाहीत. त्या फोनवाल्यांना हेच आधी कळायला हवं होतं.

पुढे कुणीतरी बोटांवर मोजतंय. २६ चे १७ झाले म्हणजे घट ३५ टक्क्यांच्या आसपास होते, मग ३९ कुठून आले? प्रश्न चोख आहे. प्रत्येकाला किती काळ बघितलं आणि दोन्ही गटांतली माणसं कुठे वेगळी होती, याचा हिशेब धरला की ३९ येतात. आणि तेही ठाम ३९ नाहीत. खरा आकडा १५ पासून ५७ पर्यंत कुठेही असू शकतो, असं संशोधकांनीच लिहिलंय. मथळ्यात मात्र ३९ एकटेच येतात, नवरदेवासारखे.

आता जरा या सभागृहाकडे बघा. एका ओळीत चौदा खुर्च्या. पुढच्या आठ ओळी धरल्या तर ११२. माझ्यासाठी ठेवलेली ही कडेची एक सोडून द्या. उरल्या १११. एवढ्या माणसांना, म्हणजे साधारण तीस घरांना, सहा महिने तांदूळ-डाळ दिली की त्यांतल्या एकाचा टीबी टळतो. ही गणती त्या अभ्यासातलीच. तो एक कुठल्या खुर्चीवर बसलाय ते कुणालाच सांगता येणार नाही, त्यालाही नाही. ऑपरेशनने वाचलेला पेशंट डॉक्टरांच्या पाया पडतो. हा बिचारा डाळ-भात खाऊन हात धुऊन कामाला जाईल.

मग '३९ टक्के' खोटं का? मुळीच नाही. '१११ मधला एक'ही खरं आणि ३९ही खरं. पहिल्याने एका घराला नीट अंदाज येतो, दुसऱ्याने सरकारला. आपल्या देशात दरवर्षी पंचवीस लाखांहून जास्त लोकांना टीबी होतो. तिथे पेशंटच्या घरच्यांत हजारामागे नऊ, म्हणजे २६ वजा १७, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. मला राग येतो तो फक्त एकच आकडा निवडणाऱ्यांचा, आणि त्यात मी पहिला.

त्या फोननंतर मी प्रत्येक लेख छापायच्या आधी शेजारच्या काकूंना वाचून दाखवतो. काकूंनी तीस वर्षं खानावळ चालवली. दीड किलो डाळ ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम. एका माणसाचं दोन वेळचं वरण झालं." मग म्हणाल्या, "आणि पेशंटचा शिधा तरी तो एकटा कुठे खाणार? पोरांच्या ताटात जाणारच." हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन्ही गटांत पेशंटला शिधा होता. तो घरात वाटला गेला असेल तर तुलनेच्या गटालाही थोडं मिळालं, आणि खरा फायदा ३९हूनही जास्त असू शकतो.

शेवटी त्यांनी विचारलं, "ज्या घरच्यांना नाही दिलं, त्यांचं काय रे?" मी सांगितलं की तेव्हा टीबीच्या कार्यक्रमात घरच्यांना काही मिळतच नव्हतं, उपयोग होतो हे अभ्यासानंतरच कळलं. आता पेशंटला सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात, २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत ५०० होते. आणि पोषणाच्या मदतीत घरच्यांनाही धरायचं ठरलंय.

काकूंनी चष्मा काढला. "हजार रुपयांत घरात किती तोंडं?" एवढंच विचारलं आणि तूरडाळीचा भाव सांगायला लागल्या.