हात लांब म्हणून मॅच जिंकत नाही, पाय बघा की ओ!

नमस्कार मंडळी. युक्रेनचा उसिक आणि ब्रिटनचा फ्युरी यांच्या हेवीवेट बॉक्सिंग लढतीच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत यायलाय: "फ्युरीचा हात एवढा लांब, तरी हरला कसा?" निपाणीहून आलाय, खानापूरहून आलाय, आणि एकानं तर "सगळं फिक्स होतं" म्हणून निकालच लावून टाकलाय. घ्या, आज तेवढंच बघू.

बेसिक पटकन. एक लांबून खेळतो, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून सरकतो. दुसरा डोकं हलवत आत शिरतो. अंतरं तीन: कुणाचाच हात पोचत नाही ते, जॅब पोचतो ते, आणि हुक-अपरकट (बाजूनं आणि खालून वर येणारे ठोसे) पोचतो ते. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

आता रीच. फ्युरीचा 85 इंच, उसिकचा 78. सात इंचांचा फरक म्हणून सगळे डोक्याला हात लावतात. अहो, रीच मोजतात दोन्ही हात आडवे पसरून, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. मधली छाती, खांदे त्यातच आले. म्हणजे एका हाताच्या वाट्याला फार तर साडेतीन इंच. पुढचा पाय एकदा सरकवला की सहा इंच गेले. साडेतीन इंचांवर शंभर कमेंटी, आणि पायाकडं कुणी बघत नाही!

म्हणून पाय बघा. (कॅमेरा खाली घे रे.) मागच्या पायाच्या चवड्यानं जमीन ढकलायची. पुढचा पाय सहा इंच सरकतो, मागचा लगेच तेवढाच येतो, सहाच इंच. पुढचा पाय टेकतो त्याच क्षणी ग्लोव्ह लागला पाहिजे. पाय आधी टेकला तर समोरच्याला सुगावा लागतो. हात फार आधी गेला तर वजन मागंच राहतं आणि जॅब नुसता शिवून येतो. पण खरी बोंब वेगळीच आहे: मागचा पाय मागंच राहतो. पवित्रा फाकतो, मागं सरायचं तर आधी पाय गोळा करावे लागतात, आणि तेवढ्यात हुक बसतो. मग म्हणायचं, "त्याचा हात लांब होता."

हेच बुटक्या बॉक्सरच्या बाजूनं बघा. 8 मार्च 1971, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. मुहम्मद अली उंच, हात लांब, जो फ्रेझर बुटका. तरी 15 राउंडनंतर तिन्ही कार्डांवर, म्हणजे गुणपत्रिकांवर, फ्रेझरच पुढं. शेवटच्या राउंडला त्याच्या डाव्या हुकनं अली पाठीवर पडला होता. फ्रेझर आत शिरायचा तो गुडघ्यातून खाली जाऊन, जॅबच्या खालून, आणि डोकं वर येईपर्यंत पुढचा पाय अलीच्या पायांजवळ पोचलेला असायचा. आपली पोरं कमरेतून वाकतात. कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते आणि वर अपरकट तयारच असतो. कुस्तीतसुद्धा मान खाली घालून पटात शिरणाऱ्याला वस्ताद शिव्याच घालतात ना? तसंच.

तिसऱ्या बाजूनं: साउथपॉ, म्हणजे उजवा हात-पाय पुढं ठेवून उभा राहणारा. नेहमीचा बॉक्सर डावा पुढं ठेवतो, म्हणून समोरासमोर दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट. उसिक साउथपॉ आहे. त्याची मॅच परत लावा, आवाज बंद करा आणि तीन मिनिटं फक्त पुढचे दोन पाय बघा.

आता बदल, म्हणजे लढत चालू असताना डाव बदलणं. उसिक-फ्युरी, 18 मे 2024, रियाध. मधल्या राउंडांत फ्युरी पोटावर मारत होता, अपरकट लावत होता, उसिक मागं पडायला लागला होता. आठव्यापासून उसिकचा डावा हात लागायला लागला, नवव्यात फ्युरी दोरांवर लटपटला आणि रेफरीनं काउंट दिला, म्हणजे पडल्यासारखं धरून आकडे मोजले. त्यानं फ्युरीचा एक गुण जादा गेला. कार्डं: 115-112 उसिक, 114-113 फ्युरी, 114-113 उसिक. त्या काउंटचा एक गुण काढून बघा, तिसरं कार्ड 114-114 होतं आणि लढत बरोबरीत सुटते. फिक्सवाल्या भाऊंनी हा हिशेब कागदावर मांडावा.

"बदल म्हणजे आपली स्टाईल सोडायची का?" असंही विचारलंय. नाही ओ. शुगर रे लेनर्ड आणि रॉबर्टो दुरान यांच्या दोन लढती बघा. जून 1980 ला माँट्रियलमध्ये लेनर्ड दुरानच्या अंतरावर उभा राहून मारामारी करत बसला आणि एक-दोन गुणांनी हरला. नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सला तोच लेनर्ड, तोच जॅब, फक्त दोरांजवळ थांबला नाही, वळत राहिला. आठव्या राउंडला दुराननं स्वतःच लढत सोडली. पुढच्या वर्षी थॉमस हर्न्ससमोर मात्र उलट करावं लागलं. हर्न्स लांबून जॅब मारत तिन्ही कार्डांवर पुढं होता, म्हणून लेनर्डला आत शिरावं लागलं. चौदाव्यात रेफरीनं लढत थांबवली आणि लेनर्ड जिंकला.

आपल्या पोरांकडं मात्र पंधरा राउंड नसतात. अमॅच्युअरला तीन मिनिटांचे तीनच, मधे एक मिनिट, पाच जज. पहिला गेला की बहुतेक वेळा उरलेले दोन्ही काढावे लागतात. त्या एका मिनिटात कॉर्नरवाले (पोराचे प्रशिक्षक) पाच-पाच सूचना ओरडतात. पोराला पाणी प्यायचंय, श्वास घ्यायचाय, त्यातली एक तरी डोक्यात राहील का? एकच सांगा, तीही नेमकी. मार खातोय जॅबचा, तर "अर्धं पाऊल मागं". जॅब पोचत नाही, तर "आधी पोटावर जॅब, मग डोक्यावर". मिठीत अडकतोय, तर "मारून डावीकडं नीघ". "जोर लाव" ही सूचना नव्हे.

सरावाला खडू घ्या. जोडीदार उभा करा, जॅब पूर्ण लांबवून ग्लोव्ह कपाळाला टेकवा, मारणाऱ्याच्या पुढच्या पायाच्या अंगठ्याजवळ रेघ ओढा. तिच्या मागं सहा इंचांवर दुसरी. मागच्या रेघेवर उभं राहायचं, जॅबसोबत पुढच्या रेघेवर यायचं आणि लगेच परत. तीन मिनिटं, तीन राउंड, जोडीदार स्थिर. पुढच्या आठवड्यात जोडीदारानं हळूच अर्धं पाऊल मागंपुढं व्हायचं, न सांगता. तेव्हा मारणारा खांदा ताणून पोचायला बघेल, हनुवटी वर येईल. तिथंच थांबवा आणि पाय सरकवायला लावा. शहाबादी फरशीवर खडूची रेघ घामानं पुसते, चिकटपट्टी लावा.