उसना आडोसा

श्रोतेहो, नमस्कार.

डोळ्यांसमोर एक पन्नास मजली इमारत आणा. भोवती मोकळं माळरान, वाऱ्याला अडवणारं काही नाही. अभियंत्यानं त्या वाऱ्याचा हिशेब करून तिचे खांब आणि भिंती ठरवल्या. पुढच्या वीस वर्षांत शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं, तिला ओलांडून पुढेही गेलं. इमारत तीच, खांब तेच. पण तिच्या अंगावर येणारा वारा आता तो राहिला नाही. मग त्याचा जोर घटला की वाढला? घटलाच असणार, असं आपण चटकन म्हणतो. एवढा आडोसा मिळाला ना! हे उत्तर निम्मं बरोबर आहे.

आधी ते बरोबर निम्मं पाहू. वारा जमिनीला घासत वाहतो. गवतापेक्षा झाडं त्याला जास्त अडवतात, झाडांपेक्षा घरं. १८८९ साली आयफेल टॉवरच्या टोकावर वेगमापक बसवला गेला. त्याच पॅरिसमध्ये जेमतेम २१ मीटर उंचीवर दुसरा वेगमापक होता. टोकावरचा सरासरी वेग खालच्याच्या तिप्पट भरला. पुढे १९६०च्या सुमारास ॲलन डॅव्हनपोर्ट या कॅनडाच्या अभियंत्यानं या अडथळ्याला आकड्यांत बसवलं. उघड्या प्रदेशात जमिनीचा अडथळा वाऱ्याला सुमारे २७५ मीटर उंचीपर्यंत जाणवतो, मोठ्या शहरावर ५०० मीटरच्या आसपास. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग २० टक्क्यांनी घटला की दाब ३६ टक्क्यांनी उतरतो. हा फायदा लहान नाही.

मात्र तो एका दिवसात पदरात पडत नाही. वस्तीचा परिणाम हळूहळू वर चढतो. अगदी ढोबळ मानानं, वाऱ्यानं एक किलोमीटर दाट वस्ती ओलांडली की शंभरेक मीटर उंचीपर्यंत त्याची चाल बदलते. म्हणजे शहराच्या कडेला असलेल्या दोनशे मीटर उंच इमारतीच्या माथ्याला अजून माळरानाचाच वारा लागतो. खाली शहर, वर माळ.

आता उरलेलं निम्मं. अडथळ्यांतून येणारा वारा मंदावतो, पण गढूळही होतो. त्याची सरासरी उतरते आणि झोत वाढतात. एखादा शेजारी सगळ्यांपेक्षा उंच असेल, तर त्याच्या पाठीमागे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, ठरावीक तालात. मागच्या इमारतीचाही स्वतःचा झुलण्याचा ताल असतो. दोनशे मीटरच्या इमारतीला एका झोक्याला साधारण चार-पाच सेकंद लागतात. हे दोन ताल जुळले, की लहान मूलही मोठ्या माणसाला झोपाळ्यावर उंच नेऊ शकतं, तसं काहीसं होतं.

इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात सुमारे ११५ मीटर उंचीचे आठ शीतकरण मनोरे दोन रांगांत उभे होते. १ नोव्हेंबर १९६५च्या वादळात त्यांतले तीन कोसळले, आणि ते सगळे मागच्या रांगेतले. पुढचे, वारा थेट छातीवर घेणारे, उभेच राहिले! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण तिथे उलटी पडली. क्षणिक झोतांचा हिशेब कमी धरला गेला होता, हे खरं; पण मनोरे एकमेकांच्या वाऱ्यात काय गोंधळ घालतील, याचाही पुरता विचार झाला नव्हता. मनोरे म्हणजे इमारती नव्हेत, तरी वाऱ्याला तो भेद कळत नाही.

मला स्वतःला झोतांपेक्षा पिळाची जास्त काळजी वाटते. शेजाऱ्यानं तुमची अर्धीच बाजू झाकली, तर वारा उरलेल्या अर्ध्यावर बसतो आणि इमारतीला उभ्या अक्षाभोवती पिळतो. ३८१ मीटर उंच एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली पुरी झाली. तीनच वर्षांनी तिच्या प्रतिकृतीवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लगतच्या दोन रस्त्यांपलीकडे दोन मोठ्या इमारती आल्या, तर हा पीळ दुप्पट होऊ शकतो, असं त्यांत दिसलं. तिच्या एका खांबालाही हात न लावता!

दोन इमारतींमधल्या बोळातून वारा वेगानं निसटतो, तिथल्या काचांना बाहेर ओढतो, पादचाऱ्यांना ढकलतो. तो वेगळ्याच भाषणाचा विषय आहे.

मग करायचं काय? नियमावल्यांमधले तक्ते बहुधा भोवतालचा प्रदेश सरसकट धरतात. अमुक कोपऱ्यावर अमुक उंचीचा शेजारी, हे त्यांत मावत नाही. म्हणून वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्यानं वारा सोडता येणाऱ्या लांबट दालनात, फिरत्या तबकडीवर इमारतीची आणि भोवतालच्या काही शे मीटरांची छोटी प्रतिकृती मांडतात. तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवून छत्तीस दिशांचा वारा तपासतात. नवा बिल्डर अशी चाचणी करतो ती आपल्या टॉवरची. जुन्या शेजाऱ्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे तपासणंही त्याच्यावरच टाकायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट. शेजारी येतो तसा पाडलाही जातो, आणि त्याचा आडोसा त्याच्याबरोबर जातो. म्हणून चांगल्या चाचणीत भोवतालच्या आजच्या इमारती ठेवून आकडे घेतात, उद्या येऊ घातलेल्या बसवून घेतात, आणि मग सर्वांत जवळचा मोठा ठोकळा तबकडीवरून उचलून बाजूला ठेवतात आणि पंखा पुन्हा सुरू करतात.

नमस्कार.