खारं वारं आणि अंगणातलं लोखंड

[पहाट. अंगणातली लोखंडी खुर्ची. मागे सुरूची झाडं, लांबून लाटांचा आवाज.]

सकाळी उठून खुर्चीच्या हातावरून बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. खारट लागतं. रात्री पाऊस झालेला नाही, भरतीचं पाणी इथवर येत नाही. तरीही खारट.

शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेले खारे वारे ते हेच. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात आणि येताना मिठाचे कण घेऊन येतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच इथे घडतं. खुर्चीवर बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. खुर्ची कोरडी दिसते तेव्हाही तिच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. लोखंड, पाणी आणि हवा एवढ्यावर गंज चढतोच; मीठ त्याला घाई करतं.

[घराची ओटी. वाळत घातलेली आमसुलं. अंगणात झोपाळा.]

अलिबागजवळचं हे घर. मे सरत आला आहे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, बाकीची कामं उरकली. लाकडं पडवीत गेली, कौलं चाळून झाली. राहिलंय ते अंगणातलं लोखंड : एक झोपाळा, पाइपच्या चार खुर्च्या आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पायांचा एक जुना बाक.

याच अलिबागेत एक वास्तू अशी आहे, जिच्यात लोखंडाला मज्जाव आहे. चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली उपकरणं इथे हलवली गेली आणि १९०४ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते. उपकरणांना लोखंडाची बाधा नको म्हणून बांधकाम पोरबंदरी दगडाचं, आणि बिजागऱ्या-कड्यासुद्धा पितळ-तांब्याच्या. तिथल्या दारांना गंजाची धास्ती नाही. आपल्या झोपाळ्याचं नशीब एवढं थोर नाही.

[रंगारी तारेचा ब्रश पिशवीतून काढतो.]

रंगारी आला. घरातल्या काकू म्हणतात, “वरनं एक हात मारून टाका की. पाऊस तोंडावर आलाय.”

तो हसतो. “काकू, गंजावर रंग मारला तर पैसे तुमचे जातील नि नाव माझं जाईल.”

खरं आहे त्याचं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. रंगाच्या खाली बसून तो रंगालाच वर उचलतो. आधी बारीक फोड दिसतो, मग पोपडा सुटतो. दिवाळीपर्यंत नवा रंग खाली आणि जुना गंज वर.

पण ब्रशच्या आधी बादली. या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा भाग हाच. गोडं पाणी आणि थोडा साबण. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते चालणार नाही, आपण मीठ काढायला निघालोय. आधीच घासायला घेतलं, तर मीठ त्या खरवडलेल्या खाचांत जाऊन बसतं. समुद्राकाठच्या घरात एरवीही आठ-पंधरा दिवसांनी सामानावर गोड्या पाण्याच्या चार बादल्या ओतल्या आणि फडक्याने कोरडं पुसलं, तर रंगाचं आयुष्य वाढतं.

[खुर्ची उलटी केली आहे. पायांचे रबरी बूट निघतात. आतून तपकिरी पाणी.]

आता खुर्ची उलटी करू. वरचा भाग आपण रोज पाहतो, म्हणून तो बरा असतो. गंज लागतो तो न दिसणाऱ्या जागी. पायाला रबराचे बूट घातलेत ते फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून, पण पाइपात शिरलेलं पाणी त्याच बुटात साठतं. पाय आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत तुकतुकीत राहतो. रंगारी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक पायावर टकटक करतो. तीन खुर्च्या खणखणीत. चौथीचा एक पाय भद्द बोलतो.

समोर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोखंडी तोफा उघड्यावर, पार समुद्रात उभ्या आहेत. गंज त्यांनाही चढतो. पण तोफेच्या अंगात जाडी आहे, दोन-चार मिलिमीटर गेलं तरी ती तोफच राहते. आपल्या खुर्चीचा पाइप अठरा गेजचा, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर. तिला गमवायला काही नाही.

उरलेल्या तिन्ही खुर्च्यांना वेल्डिंगवाल्याकडून तळाशी बारीक भोक पाडून घ्यायचं. पाणी आलं तसं जाईल.

[घासण्याचा आवाज. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर.]

सुटे पोपडे आधी पट्टीने, मग तारेचा ब्रश, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी एकशेवीसचा. वेल्डिंगचे सांधे, नक्षीचे कोपरे इथे यंत्र पोचत नाही, बोटं दुखतातच. बिडाच्या बाकाला हातोडी नको. बीड वाकत नाही, फुटतं.

लिंबू आणि मीठ चोळण्याचा घरगुती उपाय मोबाइलवर फिरत असतो. पितळेच्या समईला तो शोभतो. लोखंडाला मीठ चोळणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. नुसतं लिंबू किंवा व्हिनेगर हलक्या गंजाला चालतं, मात्र नंतर धुऊन लगेच कोरडं करायला हवं.

सकाळी उघडं पडलेलं लोखंड संध्याकाळच्या आत अस्तराखाली गेलंच पाहिजे. इथल्या दमट हवेत एका रात्रीत त्यावर पुन्हा पिवळट झाक येते. अस्तर म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, रेड ऑक्साइडचा. गंमत अशी, की त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदकीतला! ते वाळलं की ऑइलपेंटचे दोन हात, पातळ, मध्ये एक दिवस सोडून. जाड एकच हात वरून वाळतो, आत ओला राहतो.

ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांना हे काही नको, त्यांना साबणपाणी पुरे. स्टेनलेस स्टीलला मात्र लोखंडी तारेचा ब्रश लावू नये. त्याचे कण चिकटून राहतात आणि तेच पुढे गंजतात.

[झोपाळ्याच्या कड्या, जवळून.]

झोपाळ्याची मेख वेगळी. कडी कडीवर घासते तिथे रंग टिकत नाही, तिथे ग्रीस. खोबरेल घातलं की कुरकुर तेवढ्यापुरती थांबते, पण धूळ चिकटून त्याचा खरखरीत लेप होतो आणि कडी आणखी झिजते. इथे वरून दुसरी कडी अर्ध्यापर्यंत खाल्ली गेली आहे. काकू म्हणतात, वेल्डिंग करून घेऊ. रंगारी मान हलवतो. यावर नातवंडं बसतात. कडी नवीच येणार.

पावसात सामान ताडपत्रीत घट्ट गुंडाळायचं नाही, आतली वाफ आतच राहते. वरून छप्पर, खालून वारा, आणि पाय विटांवर.

[संध्याकाळ. तांबड्या अस्तरातला झोपाळा, कड्यांविना, ओटीला टेकवून ठेवलेला. तीन खुर्च्या उलट्या वाळत आहेत.]

हिरवा रंग परवा. चौथी खुर्ची फाटकाबाहेर ठेवली आहे, भंगारवाल्यासाठी. तिच्यावर बसून काकू आमसुलं निवडतायत.