वाळूच्या बेटावर पायी: गरी बेटावर जाण्याआधी नागपुरात करायची तयारी

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ ऑस्ट्रेलियात असेल आणि सुट्टीत तिकडे जायचं ठरत असेल, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ गरी नावाचं बेट आहे. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. लांबी 120 किलोमीटरच्या वर. 1992 पासून जागतिक वारसा स्थळ. याला फ्रेझर आयलंड म्हणायचे. 2023 मध्ये बुचुला या तिथल्या मूळ समाजाने बेटाला दिलेलं हे जुनं नाव अधिकृतपणे परत आलं. नकाशात नावाच्या सुरुवातीला ‘के’ दिसेल, तो उच्चारत नाहीत.

गाडीने बेट फिरण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. आपण फक्त पायी चालण्याबद्दल बोलू, कारण पायी चालणाऱ्याचा सगळा हिशोब तिथे वाळू ठरवते: वेग, पाणी, तंबू, आग, कचरा, सगळंच.

[पडद्यावर नकाशा]

बेटावर ‘ग्रेट वॉक’ नावाची आखलेली वाट आहे. दक्षिणेला डिली व्हिलेज, उत्तरेला हॅपी व्हॅली, मधल्या फाट्यांसह सुमारे 90 किलोमीटर. साधारण 6 ते 8 दिवस लागतात. सुरुवातीचे टप्पे 6-7 किलोमीटरचे आहेत, ते बघून माणूस गाफील होतो. मग वाबी तळ्यापासून ‘व्हॅली ऑफ द जायंट्स’पर्यंतचा टप्पा येतो, 16 किलोमीटरच्या आसपास. म्हणून आखणी करताना सरासरी काढू नका, या एका दिवसाचा विचार आधी करा. मुक्कामाची परवानगी आधीच ऑनलाइन काढावी लागते. ज्या तळाची परवानगी, त्याच तळावर मुक्काम.

आता वाळू. भुसभुशीत वाळूत त्याच वेगाने चालायला पक्क्या जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाय मागे सरकतो, पोटरी आणि घोट्यावर ताण येतो. वाटेचा मोठा भाग पालापाचोळ्याने दबलेला आहे, तिथे त्रास नाही. पण उघड्या वाळूवर आणि गाड्यांनी उकरलेल्या पट्ट्यांवर ताशी 2 किलोमीटर गेलात तरी खूप झालं. पाऊस पडून गेला की हीच वाळू घट्ट होते आणि चाल सुधारते.

सराव इथेच करा. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढल्याने दम वाढेल, पण घोटे तयार होतील ते कन्हानच्या वाळूतच. कामठीकडे पात्र उघडं पडलं की पाठीवर 12-13 किलोची सॅक घेऊन सकाळी दोन तास चाला. मात्र जिथे वाळूउपसा झालाय तिथे खड्डे खोल असतात आणि पाण्याखाली दिसत नाहीत; पाण्याच्या कडेला जाऊ नका. सरावाला तोच बूट, तेच मोजे वापरा. फोड येतात ते वाळूचे कण आणि घाम मिळून मोज्याचा सँडपेपर होतो म्हणून. तासाभराने थांबा, बूट काढा, झटका, मोजा उलटा करून झटका. टाचेला नुसतं गरम लागलं तरी तिथे लगेच टेप लावा. फोड उठल्यावर लावलेल्या टेपचा फारसा उपयोग नसतो.

[हातात तंबूची खुंटी]

ही आपली नेहमीची बारीक खुंटी. वाळूत हिचा उपयोग शून्य, वाऱ्याच्या पहिल्या झोतात वर येते. रुंद पात्याची, साधारण 30 सेंटीमीटरची खुंटी घ्या. नसेल तर छोट्या कापडी पिशवीत वाळू भरा, मधोमध दोरी बांधा, फूटभर खोल पुरा आणि वरची वाळू पायाने दाबा. आणि तंबूची चेन अडली तर ओढू नका. ब्रशने कण झाडा, मग सरकवा. ओढलीत तर दात तुटतात, आणि डासांच्या प्रदेशात उरलेल्या रात्री उघड्या तंबूत काढाव्या लागतात.

पाणी. वाळूचं बेट आहे म्हणजे पाणी नसेल असं वाटतं, पण बेटावर गोड्या पाण्याची पुष्कळ तळी आहेत. उंच टेकाडांवरच्या खोलगट भागात कुजलेल्या पानांचा गाळ वाळूचे कण घट्ट धरतो, तळ पाझरायचा थांबतो आणि पावसाचं पाणी वर साठून राहतं. बूमंजिन हे अशा प्रकारचं जगातलं सर्वांत मोठं तळं, ते याच वाटेवर लागतं. त्याचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. तो झाडपाल्याचा रंग आहे, गाळूनही जात नाही. मात्र पाणी कुठल्याही रंगाचं असो, गाळून खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. लांबच्या टप्प्याला माणशी 4 लिटर घेऊन निघा. म्हणजे पाठीवर 4 किलो जास्त, हे सॅक भरताना लक्षात ठेवा.

या तळ्यांना ताजं पाणी मिळतं ते पावसाचंच. त्यात नदी येऊन मिळत नाही की धुऊन नेत नाही, म्हणून सनस्क्रीन, साबण, भांड्याचं खरकटं जे पडेल ते तिथेच साचतं. पोहण्याआधी सनस्क्रीन लावू नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. भांडी तळ्यापासून 100 मीटर लांब धुवा. लघवीलाही तेवढंच लांब जा. तळावर शौचालय नसेल तर खोल खड्डा करा. कागद आणि पॅड पुरू नका, पिशवीत घेऊन परत आणा. पुरलेलं कुत्री उकरतात.

कुत्र्यांचं आता नीट ऐका. डिंगो म्हणजे तिथली रानटी कुत्री, बुचुला भाषेत वोंगारी. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखीच, आणि घात तिथेच होतो. 2001 मध्ये या बेटावर 9 वर्षांच्या मुलाचा डिंगोंच्या हल्ल्यात जीव गेला. आपली सवय काय? कुत्रं अंगावर आलं की खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. तिथे हे अजिबात नको. वाकलात की तुम्ही लहान दिसता. ताठ उभे राहा, हात छातीवर घ्या, तोंड त्याच्याकडे, नजर हटवू नका, आणि हळूहळू मागे सरका. दोघं असाल तर पाठीला पाठ लावून. जोरात, ठाम आवाजात मदतीला हाक मारा. पळायचं नाही, पोरांनाही पळू द्यायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. हातात काठी ठेवा. लहान मुलं कायम हाताच्या अंतरावर. एकट्याने फिरायला किंवा धावायला जाऊ नका.

दुसरी सवय बिस्किट टाकण्याची. तिथे डिंगोला खाऊ घालणं गुन्हा आहे, दंड हजारो डॉलरचा. दंडापेक्षा मोठं म्हणजे, माणसाकडून खायला मिळतं हे कळलेला डिंगो धीट होतो, आणि धीट होऊन धोकादायक ठरला तर त्याला मारावं लागतं. तुमचं एक बिस्किट त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तंबूत चिवडा नाही, टूथपेस्ट नाही, कचऱ्याची पिशवीही नाही. पायी जाणाऱ्यांच्या तळांवर त्यासाठी बंद पेट्या असतात, सगळं त्यात. आपल्या उन्हाळी सुट्ट्या म्हणजे एप्रिल-मे, चालायला हवा उत्तम. पण तोच डिंगोंच्या मिलनाचा काळ आहे आणि नर जास्त आक्रमक असतात. जा, फक्त हे नियम सैल करू नका.

चिवड्यावरून आठवलं: इथून नेलेलं सगळं खाणं विमानातल्या कार्डावर लिहून द्या. कच्ची डाळ, बिया, दुधाची मिठाई जप्त होऊ शकते. बुटाला कन्हानची माती राहिली असेल तर तीही सांगावी लागते, म्हणून बूट घासून स्वच्छ करून मगच पॅक करा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो बेटाजवळच्या मुख्य भूमीवरच्या हर्वी बे या गावात घ्या.

गॅस लागणारच, कारण या वाटेवर शेकोटीला बंदी आहे. आपल्याकडे निखाऱ्यावर वाळू टाकली की विस्तव विझला असं मानतात. वाळू निखारा झाकते, विझवत नाही. आत तो तासन्‌तास तापत राहतो, आणि नंतर त्यावर पोराचा अनवाणी पाय पडतो किंवा वारा ठिणगी उचलतो. ऑक्टोबर 2020 मध्ये एका बेकायदा शेकोटीतून वणवा पेटला. तो डिसेंबरपर्यंत धुमसला आणि बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग जळाला.

वाबी तळ्याशी वाळूचा उंच उतार थेट पाण्यात जातो. तिथून धावत येऊन सूर मारायचा मोह होतो. मारू नका, तसं करून लोकांचे मणके मोडलेत. त्या उघड्या वाळवंटी पट्ट्यावर पावलांचे ठसे वाऱ्याने बुजतात. वाट दाखवणारा पुढचा खांब दिसल्याशिवाय मागचा सोडू नका, आणि हा पट्टा सकाळी 9 च्या आत ओलांडा. ‘आपण नागपूरचे, ऊन काय दाखवता’ हे तिथे चालत नाही. हवा दमट असते, घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. अजून एक: तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उन्हावरून दिशा ओळखायची सवय असेल तर तुम्ही बरोबर उलटे जाल. होकायंत्र ठेवा.

समुद्रात उतरू नका. आत खेचणारे प्रवाह, शार्क, आणि जीवरक्षक नाहीत. पूर्वेचा किनारा हा अधिकृत रस्ता आहे, त्यावर गाड्या धावतात आणि छोटी विमानंही उतरतात. लाटांच्या आवाजात मागची गाडी ऐकू येत नाही, म्हणून वळून बघत चाला.

[हातात रुंद इलॅस्टिक पट्टी]

साप चावला तर तिथली पद्धत: जखम धुवायची नाही, चावल्या जागेवरून सुरुवात करून 10-15 सेंटीमीटर रुंदीची ही पट्टी पूर्ण हाता-पायाला घट्ट गुंडाळायची, काठीचा आधार द्यायचा, माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही. हे ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी आहे. आपल्याकडे घोणस चावली तर अशी घट्ट पट्टी बांधू नका.

फोनला बेटावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. आपत्कालीन क्रमांक 000, पण तो भारतातून लागत नाही. घरच्यांना नागपुरात बसून काही करता येणार नाही, म्हणून ऑस्ट्रेलियातल्याच एका माणसाकडे छापील कागद द्या: रोजचा मुक्काम, सगळ्यांची नावं, तंबूचा रंग, परतीची बोट, आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव’ अशी ठरलेली वेळ. सोबत उपग्रहावरून संकेत देणारा बीकन ठेवा, तिकडे भाड्याने मिळतो. घरी वेळ सांगताना साडेचार तास वजा करा: तिथले संध्याकाळचे 5 म्हणजे नागपुरात दुपारचे साडेबारा.